ताण तोडायचा राहिला

सलीमचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिससमोर शिष्यवृत्तीच्या रांगेत उभा होतो. तो म्हणाला, "काकाजी गेले बे गज्या." मी म्हणालो, "आता कोठी गेले?" अगदी असंच म्हणालो, आणि वैतागून म्हणालो. कारण त्या महिन्यात काकाजी हाती लागतच नव्हते. संघाच्या शेठजींनी पांढुर्ण्याला बोलावलं की ते मोहगावला असायचे, आम्ही मोहगावला पोचलो की काकू सांगायच्या, आत्ताच सौंसरला गेले, आणि फोन घरी चार्जिंगला लावलेला. सलीम आमचा गोलकीपर, एकदा बोलायला लागला की थांबत नाही. त्या दिवशी तो पलीकडून काहीच बोलेना... तेव्हा मला कळलं. सकाळी चहा पिऊन ते बगीच्यात गेले, झाडाखाली बसले आणि उठलेच नाहीत. मी रांगेतून बाहेर आलो. पहिला विचार काय आला ते लिहायला संकोच वाटतो, पण खरं ते लिहितो. माझ्या मनात आलं, अरे, पण ताण कधी तोडायचा ते सांगायचं राहिलंच की.

ताणाचं पुढे सांगतो. आधी काकाजी कोण होते ते सांगायला हवं. शेषराव काकाजी माझे नात्यातले कोणी नव्हते. सौंसरच्या फुटबॉल संघाचे ते कोच, आणि मी त्या संघात डाव्या बाजूला बचावात खेळतो. आमचा संघ पगारी आहे. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगवाल्या शेठजींनी तो हौसेनं उभा केला आणि राज्याच्या लीगमध्ये उतरवला. पगार म्हणजे फार काही नाही, पण आमच्यासारख्यांच्या खेळण्याला कोणी तरी काम म्हणतं आणि घरचे सकाळी मैदानावर जाऊ देतात, एवढं त्यात आहे. काकाजी तरुणपणी नागपूरला एका कारखान्याच्या संघात खेळले. मग वडील थकले म्हणून मोहगावला परतले आणि संत्र्याचा बगीचा पाहू लागले. फुटबॉल आणि संत्रा, या दोन गोष्टी सोडून तिसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात कधी वेगळ्याही राहिल्या नाहीत. नवा पोरगा संघात आला की त्याला ते 'कलम' म्हणायचे. जो नुसताच सुंदर पळतो, पण ज्याच्याकडून गोल होत नाही, त्याच्याकडे बघून म्हणायचे, "पानं लय आहेत याले." सुरुवातीला आम्हाला हसू यायचं. नंतर नंतर येईनासं झालं.

त्यांनी मला संघात घेतलं तेच एका भांडणातून. रामाकोन्याच्या बसस्टॉपवर माझ्या वडिलांचं पंक्चरचं दुकान आहे. शाळेच्या मैदानावर मला खेळताना पाहून काकाजी सरळ दुकानात गेले आणि म्हणाले, "भाऊ, तुमचा पोट्टा डाव्या पायाचा आहे." वडिलांना वाटलं, हा माणूस पोराला नावं ठेवून राहिला. हातातला पाना खाली न ठेवता ते म्हणाले, "काऊन? काय खोट आहे त्याच्या पायात? चांगला कॉलेजात जाऊन राहिला तो."

"जाऊ द्या ना कॉलेजात. मले त्याचा डावा पाय पाह्यजे."

"पाय काय भाड्यानं देऊ तुमाले?"

हे बराच वेळ चाललं. काकाजींनी नीट समजावून सांगितलं असतं तर दोन वाक्यांत संपलं असतं, पण समजावून सांगणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हताच. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे कॉलेज सोडून दुसरं काहीही करणं म्हणजे वाया जाणं, असं घरी सगळ्यांना वाटायचं. काकाजी अधूनमधून दुकानावर येऊन वडिलांशी वाद घालत राहिले. होकार नेमका कधी मिळाला ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

मागचा हंगाम फार वाईट गेला. जिंकणं तर राहूच द्या, बरोबरी झाली तरी आम्ही एकमेकांना फोन करून सांगायचो. लीगमध्ये शेवटचे आलो. हंगाम संपला तसं शेठजींनी काकाजींना पांढुर्ण्याला जिनिंगमध्ये बोलावलं. "शिकलेला आहे, बरोबर चाल," म्हणून काकाजींनी मलाही नेलं. शेठजी म्हणाले, "काकाजी, टीम बदलना पडेंगा. नागपूरहून पोट्टे आणा, एखादा आफ्रिकेचा आणा, बाकी टीमा आणूनच राहिल्या ना? ऑफ सीजन आहे, टाइम आहे तुमच्यापाशी. पुन्हा लास्ट आलो तं मी बंद करतो सगळं."

काकाजी अंगावर उडालेला कापूस वेचत बसले होते. म्हणाले, "कोणी बदलायचा नाही. पोट्टे बराबर आहेत. ताण देऊन पाहतो."

"टेन्शन? टेन्शन तं मले आहे," शेठजी म्हणाले. त्यांचा सगळा जन्म कापसात गेला, संत्र्याचं त्यांना काय ठाऊक?

आमच्या भागात आंबिया बहार, म्हणजे हिवाळा सरताना येणारं फूल, घ्यायचा असला की हिवाळ्यात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. झाड वाढायचं थांबतं, पानं मलूल होतात, पिवळी पडून काही गळतात. मग नेमक्या वेळेला पाणी दिलं की झाड फुलावर येतं. त्या कोरड्या दिवसांना ताण म्हणतात, आणि ते पाणी देणं म्हणजे ताण तोडणं. पाणी लवकर दिलं तर नुसती पालवी फुटते, फार उशीर केला तर झाड हातचं जातं. हे सगळं झाडांसाठी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी काकाजींनी आम्हाला मैदानावर बोलावलं, सगळे बॉल पोत्यात भरले, पोतं स्कूटरला बांधलं आणि म्हणाले, "आजपासून ताण."

सलीमनं विचारलं, "मतलब?"

"मतलब बॉलले पाय लावायचा नाही. मी सांगीन तोपर्यंत."

"पळायचं तं?"

"पळायचं बी नाही."

"मग करायचं काय?"

"जेवा, झोपा. हा गज्या कॉलेजात जाते, तुम्ही बी जा कोठी तरी." आणि ते निघूनही गेले.

लीगमधून बाहेर पडायच्या काठावर असलेला पगारी संघ, सुटीचे मोलाचे महिने हातात, आणि कोच सांगतो की काहीच करू नका... जगात असं कुठे होत असेल असं मला वाटत नाही. बाकीचे संघ सरावाचे व्हिडिओ टाकत होते, ते आम्ही फोनवर पाहायचो आणि फोन उलटा करून ठेवायचो. आमचा सगळ्यात चांगला स्ट्रायकर बंटी पंधरवडाभर थांबला आणि मग नागपूरच्या एका संघात गेला. जाताना म्हणाला, "मी माणूस आहो बावा, संत्रं नाही." सलीमला एकदा राहवलं नाही, त्यानं गल्लीत पडलेलं एक सडकं कवठ लाथेनं उडवलं. कुठून कोण जाणे काकाजी स्कूटरवर आले, उतरले, ते कवठ उचलून डिकीत टाकलं आणि एक शब्द न बोलता गेले. सलीम पुढे कित्येक दिवस ते सांगत होता आणि दर वेळी आणखी चिडत होता. तिकडे शेठजी मला फोन करायचे, "तू पढालिखा आहे, तू समजाव ना त्याईले." शिकलेला म्हणून सगळी न जमणारी कामं माझ्याकडे. मला तर मोठ्या माणसांसमोर साधं बोलायचं म्हटलं तरी आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

तरी एक दिवस मी गेलो. सौंसरहून मोहगावला जाताना बसमध्ये सगळं पाठ केलं होतं. काकाजी बगीच्यात एका झाडाची पानं चुरगळून पाहत होते. मी पाठ केलेलं सगळं विसरलो आणि नुसतं म्हणालो, "काकाजी, माणूस झाड नसते."

"हाव. झाड बोलत नाही, तेवढं बरं असते."

"बंटी गेला. आणखी दोघं जातीन. शेठजी बोलून राहिले की टीमच बंद करतो. तुमाले काहीच वाटत नाही?"

ते खाली बसले, मलाही बसायला सांगितलं. मग त्यांनी मला आजवरचं सगळ्यात लांब उत्तर दिलं. म्हणाले, "हरून आले का दुसऱ्या सकाळी तुम्ही मैदानावर. पुन्हा हरले, पुन्हा मैदानावर. बॉल काय, पायात आहेच. भूक कोठून येईन? हे झाड पाह्य, पाणी होतं तोपर्यंत नुसतं पानावर होतं. आता कसं घाबरलं."

"पण कधीपर्यंत? तारीख सांगा मले."

"हलक्या जमिनीत लवकर ताण बसते. तुम्ही भारी काळ्या जमिनीचे पोट्टे. टाइम लागीन."

"म्हणजे कधी?"

"समजते ते."

"कोणाले समजते?" माझा आवाज चढला. मी त्यांच्यावर आवाज चढवला असा तो पहिलाच प्रसंग. "तुमाले समजते, झाडाले समजते, आम्ही काय करायचं? तुम्ही सांगणार नाही, फोन उचलणार नाही, आम्ही काय पानं गळून वाट पाहायची?"

काकाजी माझ्याकडे बघत राहिले. रागावले नव्हते, उलट जरा खूश दिसले, आणि त्यामुळे मी आणखी चिडलो. म्हणाले, "या साली कॅप्टन तू."

"मी? काऊन?"

"इतक्या दूर भांडाले तूच आला ना." आणि तारीख न सांगताच ते पुढच्या झाडाकडे गेले. ती आमची शेवटची भेट.

घाटावर शेठजींनी भाषण केलं. आमच्याकडे सरण पेटल्यावर कोणी ना कोणी बोलतंच. त्यांनी काकाजींना थोर मार्गदर्शक म्हटलं, त्यांचं स्वप्न पूर्ण करू म्हणाले, आणि तिथेच, राख सावडायच्याही आधी, मला बाजूला घेऊन सांगितलं की नागपूरचा एक कोच आपले खेळाडू घेऊन यायला तयार आहे. "तुमच्यावर अन्याय नको. महिन्याच्या शेवटच्या रविवारी त्यांच्याशी मॅच खेळा. जितले तं तुम्ही, नाही तं ते." मी मान हलवली. काकाजी ज्यांना बराबर पोट्टे म्हणाले होते त्या सगळ्यांचं खेळणं त्या एका रविवारवर येऊन ठेपलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना मैदानावर बोलावलं. आले सगळे, पण खेळेना कोणी. सलीमच्या भावानं नवा बॉल आणून मध्ये ठेवला, आम्ही त्याच्याभोवती उभे. सलीम म्हणाला, "काकाजीनं अजून ताण सोडला नाही."

"अबे, ते आता कसे सोडतीन?" मी म्हणालो.

"ते मले काय माहीत? पण त्याईनं सोडला नाही, एवढं मले माहीत आहे." गल्लीतल्या कवठावरून महिनाभर शिव्या देणारा हाच सलीम. मला रडू येत होतं की राग येत होता ते कळेना. माणूस जिवंतपणी ऐकत नव्हता, आणि गेल्यावर त्याचंच सगळे ऐकत होते. आम्ही बॉल तसाच ठेवून घरी गेलो. असे दहा-बारा दिवस वाया गेले.

तेरवीला आम्ही सगळे मोहगावला होतो. जेवणं झाली, पाहुणे पांगले. काकाजींचा मुलगा पुण्याला असतो, तो ओट्यावर कोणाशी तरी फोनवर बोलत होता की बगीचा ठेक्यानं द्यायचा आहे. काकू मागच्या दारी बसल्या होत्या. मी जवळ गेलो आणि धीर करून विचारलं, "काकू, काकाजी ताण कधी तोडायचे? काही हिशेब असंन ना त्याईचा? पानं किती गळली, माती किती सुकली..."

काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी फार वेडगळ प्रश्न विचारला. म्हणाल्या, "त्याईचा कायचा हिशेब? दर साली झाडं वाळाले आली का मीच ओरडत जाओ, आता सोडा पाणी, मारता का झाडं. तं म्हणत, अजून थांब. दोन दिवसांनी मी पुन्हा जाओ. तिसऱ्या डाव मी मोटरच्या खोलीसमोर उभी राहून भांडण काढलं का मंग किल्ली देत. म्हणत, आता बसला ताण." मग म्हणाल्या, "पानं नाही पाहत होते ते. मी कवा चिडतो ते पाहत होते."

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. म्हणजे तारीख नव्हतीच. कोणाला तरी पुरेपूर वैताग यायची ते वाट पाहत होते. झाडाला बोलता येत नाही, म्हणून त्याच्या वतीनं काकू बोलायच्या. आणि आमच्या वतीनं बोलायला त्यांनी मला नेमलं होतं, फक्त ते मला सांगितलं नव्हतं. इतकं सोपं होतं तर सांगायला काय जात होतं...? सांगितलं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी खोटं खोटं भांडायला गेलो असतो, हेही खरं आहे.

काकू म्हणाल्या, "या साली मी बोललीच नाही. कोणाले बोलू?"

मी उभा राहिलो. माझ्या तोंडून काय निघालं ते मला नीट आठवत नाही, सलीम म्हणतो मी ओरडलो. काकू, पुरे झालं, झाडं मरून राहिली, आमचे पोट्टे बी मरून राहिले, द्या किल्ली, असं काहीसं. ओट्यावरचा मुलगा फोन कानाला लावूनच बघायला आला. काकूंनी डोळे पुसले, कमरेची किल्ली काढली आणि म्हणाल्या, "असं. आता बसला ताण."

मोटरच्या खोलीत पोतं होतं, त्यात आमचे सगळे बॉल. पण आधी पाणी. सलीमनं जाऊन धडाधड मोटर पूर्ण सोडली, तशी काकू त्याच्यावर धावल्या. "अबे, पहिलं पाणी आहे, अर्धं दे. आंबवणी म्हणतात त्याले. एकदम पाजतं का?" आळी ओली झाली, मातीला वास सुटला. मग झाडांच्या दोन ओळींमधल्या जागेत आम्ही नुसता बॉल पास केला, एकाकडून दुसऱ्याकडे, हळू. तेरवीच्या दिवशी, स्वच्छ कपड्यांत. मी सांगितलं, आज एवढंच. कोणी कुरकुर केली नाही.

नागपूरच्या संघाशी मॅच झाली, त्यात आम्ही जिंकलो असं लिहायला मला आवडलं असतं. पहिली वीस मिनिटं आमचे पाय आमचे नव्हतेच, बॉल कुठेही जात होता, आणि तेवढ्यात एक गोल खाल्ला. बंटी असता तर दोन संधी वाया गेल्या नसत्या, याचा राग मला अजून आहे आणि तो काकाजींवरच आहे. पण एक गोष्ट वेगळी होती. बॉल सुटला की आमच्यातले तिघे तिघे त्याच्यामागे धावत होते, जणू कोणी तो पुन्हा पोत्यात भरून नेणार आहे. शेवटाकडे एक गोल झाला. एक-एक.

शेठजी म्हणाले, "जितले तं नाही ना तुम्ही."

मी मनात वाक्य जुळवायला लागलो, आणि मग सोडून दिलं. "हरलो बी नाही, शेठजी. दीड महिना बॉल पाहिला नव्हता, तरी हरलो नाही. तुम्ही याईले आणसान, तं मागच्या साली तुमच्या नावानं उन्हात हरले ते कोण होते? ऑगस्टात लीग सुरू होते, पहिल्या मॅचा पाहेपर्यंत थांबा. मग बंद करा, मी स्वतः कुलूप लावून देईन." नागपूरचे कोच बुटाच्या नाड्या सोडत माझ्याकडे बघत होते. शेठजी टोपी झटकत म्हणाले, "ठीक आहे. ऑगस्ट." मग जाता जाता, "हे काकाजीसारखं बोलणं कोठी शिकला?"

ताणामुळे हे झालं का, ते मला माहीत नाही. मला आजही वाटतं की तो माणूस चुकत होता, आणि थोडा जास्त जगला असता तर मी त्याच्याशी यावरून पुन्हा भांडलो असतो. ते भांडण आता कोणाशी करायचं, हा माझा खरा प्रश्न आहे.

बगीचा ठेक्यानं गेला नाही, काकूंनी नाही म्हटलं. फुलं आली आहेत. सलीमनं पहिल्या दिवशी ज्या ओळीत मोटर पूर्ण सोडली होती तिथे फूल कमी आणि पालवीच जास्त आहे. काकू ती ओळ येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतात, सलीम समोर असला तर हमखास. आमच्या बॉलचं पोतं अजून मोटरच्या खोलीतच आहे. मैदान सौंसरला आणि बॉल मोहगावला, यात काही अर्थ नाही, मी दोनदा ते घेऊन जायला गेलो. काकू देत नाहीत. आता आम्ही पाळी लावली आहे, रोज कोणी तरी मोटरसायकलनं येतो, खेळून झाल्यावर परत आणून ठेवतो. पेट्रोल जातं, वेळ जातो. काल माझी पाळी होती. काकू अंगणात तूर पाखडत होत्या.

"काकू, किल्ली."

"काऊन?"

"खेळाले."

"कालच तं खेळले."

"काकू, रोज खेळा लागते. उशीर होऊन राहिला, द्या ना."

"अजून थांब," त्या म्हणाल्या, आणि सूप खाली ठेवून, मी कधी चिडतो ते बघत बसल्या.